बाकीची मी

माझी बायको उमरेडची. तिच्या माहेरी हातमाग होता आणि लग्न होईपर्यंत ती स्वतः मागावर बसत असे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबायच्या, त्यामुळे तिचे पाय नाजूक वगैरे नव्हते. टाच रुंद, अंगठा बाकीच्या बोटांपासून जरा फटकून, घोट्यात बळ. लग्नानंतर ती पहिल्यांदा अंगणातल्या नळाखाली पाय धुवायला बसली तेव्हा मी दारात उभा होतो. ती एका पायानं दुसरा पाय घासत होती आणि मला तिथून हलता येईना.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मला पायांची ओढ होती. इतर पुरुषांना चेहऱ्याची, केसांची असते तशी. आणि ती ओढ नुसती डोळ्यांची नव्हती, शरीराची होती. ती कुठून आली मला माहीत नाही. लग्न ठरलं तोवर ती माझ्यात पक्की होऊन बसली होती आणि तिच्याबद्दल मी कुणाशी चकार शब्द बोललो नव्हतो.

माझी नोकरी कन्हानजवळच्या कोळसा खाणीत, नमुने तपासायच्या खोलीत. कोळसा यायचा, तो दळायचा, भट्टीत जाळायचा, मागे उरलेली राख तोलायची आणि त्यावरून प्रत ठरवायची. प्रत एकदा ठरली की वाद संपायचा. त्या कामाची सवय म्हणून असेल, पण आपलीही कुणीतरी एकदा प्रत ठरवून टाकावी असं मला फार वाटे. चांगली निघो, वाईट निघो, निदान कळेल.

एकदा सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मानसशास्त्राचं एक जाडं पुस्तक हाती लागलं. त्यात एक प्रकरण ‘लैंगिक विकृती’ नावाचं होतं. उभ्या उभ्या वाचलं. लहान मुलांना त्रास देणारे, खिडकीतून चोरून पाहणारे, रस्त्यात बायकांसमोर अंग उघडं करणारे, आणि त्यांच्याच ओळीत, मध्ये नुसता एक स्वल्पविराम देऊन, पायांचं किंवा चपलांचं आकर्षण असणारे. पुस्तक परत ढिगात ठेवलं आणि बसस्टॉपवर येऊन उभा राहिलो. दोन बस सोडल्या. आपली प्रत आता ठरली, असं वाटलं.

त्यातून आमच्या घरात पाय म्हणजे नमस्काराची जागा. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला तर पाप तिला लागतं, ही समजूत तिच्या माहेरीही होती आणि आमच्याकडेही. माझा हात चुकून जरी तिच्या पायाला लागला तरी ती झटकन पाय ओढून घ्यायची आणि मला नमस्कार करायची. मग मी लांबच राहू लागलो. बघायचं नाही, जवळ जायचं नाही, रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचं. तशातच मुलगी झाली, ती मोठी झाली, शिकायला पुण्याला गेली. लोकांच्या नजरेत आमचं बरं चाललं होतं. मी दारू पीत नव्हतो, पगार घरी देत होतो, आवाज चढवत नव्हतो. एकदाच, कुठल्याशा लग्नाहून परत येताना, ती गाडीवर माझ्या मागून म्हणाली होती, “तुमाले मी आवडत नाई का?” रस्त्यावर ट्रकचा आवाज होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मुलगी गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. एका दुपारी जिना उतरताना बायकोचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा म्हणून सांगितलं. ती पलंगावर बसली, मी खाली जमिनीवर. तिनं आधी “राहू द्या, मी बांधते” म्हटलं, पण तिला वाकता येत नव्हतं. मी तिचा पाय मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बँडेजचे दोन वेढे घातले असतील नसतील, माझे हात असे थरथरायला लागले की पट्टी सुटून खाली गडगडत गेली. मी उठून गॅलरीत गेलो.

ती भिंतीला धरत, लंगडत मागून आली.

“काय झालं जी?”

“काही नाही.”

“काही नाई कसं? लागलं मले, अन् रडून तुमी राहिले!”

मी रडतोय हे मला तिनं म्हटल्यावर कळलं. मग मी सांगितलं. कठड्याकडे बघत, तिच्याकडे न बघता, फुटपाथवरच्या पुस्तकासकट सगळं सांगितलं. खालच्या अंगणात कुणीतरी सतरंजी झटकत होतं. तो आवाज थांबला. मी वळून पाहिलं, तर ती गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, अर्धवट बांधलेला पाय पुढे करून.

“म्हंजे इतके वर्सं तुमाले माहे पाय आवडत होते?”

“हो.”

“अन् बाकीची मी?”

मी खाली बसलो आणि सुटलेलं बँडेज गुंडाळू लागलो. ती उठून आत गेली.

पुढचे काही दिवस घरात फक्त भांडी बोलली. ती रागावली होती, की घाबरली होती, की तिला किळस आली होती, मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “एका बाईचा पत्ता काढला मी. धंतोलीत बसते. मनाची डॉक्टर. रोग असन तर दवा असन, नसन तर नसन. पन हे असं मंधातच लटकून राहनं मले जमत नाई.”

मुलीला फोनवर सांगितलं, गुडघे दाखवायला चाललो.

धंतोलीतल्या त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोन-तीन दवाखाने. जिन्यात यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूरहून आलेली माणसं एक्स-रेची पाकिटं मांडीवर घेऊन बसलेली. आपला आजार असा पाकिटात घालून उघड हातात धरता येतो, याचा मला त्या दिवशी हेवा वाटला. मानसोपचार करणाऱ्या बाई चाळिशीच्या आतबाहेर असतील. टेबलावर पाण्याची बाटली आणि एका कोपऱ्यात टिश्यूचा डबा. त्यांनी “बोला” म्हटलं आणि मी बाटलीकडे बघत राहिलो.

शेवटी बायकोच म्हणाली, “यायले पायांची आवड आहे, मॅडम. म्हंजे तशी आवड. हे स्वतःले गुन्हेगार समजून राहिले. तुमी फक्त सांगा, हा रोग आहे का नाई?”

बाईंना हसू आलं नाही, आश्चर्यही वाटलं नाही. बायकोकडून त्यांनी गॅलरीतलं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मग मला विचारायला सुरुवात केली. कधी कुणाच्या नकळत, कुणाच्या मनाविरुद्ध काही केलं का? नाही. गर्दीत कुणाला हात लावला, लपून कुणाचे फोटो काढले? नाही. लहान मुलांबद्दल असं कधी काही मनात येतं का? मी “नाही, नाही” म्हणत खुर्चीतून अर्धा उठलोच. त्या म्हणाल्या, “बसा. हे मी प्रत्येकाला विचारते, कारण फरक इथूनच सुरू होतो.”

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. नेहमीपेक्षा वेगळी लैंगिक आवड, तिला पॅराफिलिया म्हणतात, ही एक गोष्ट. आणि विकार ही दुसरी. पूर्वीच्या पुस्तकांनी दोन्ही एकाच पोत्यात भरल्या होत्या. आता निदानाची पुस्तकं त्या वेगळ्या ठेवतात. आवड बराच काळ टिकलेली आणि तीव्र असेल, आणि तिच्यामुळे माणसाला स्वतःला खूप त्रास होत असेल, काम-संसार बिघडत असेल, तरच विकार म्हणायचं. किंवा ती दुसऱ्या कुणावर, त्याच्या संमतीशिवाय, लादली जात असेल तर. आणि जो संमती देऊच शकत नाही, जसं मूल, तिथे तर प्रश्नच नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. “तिथे आवड वेगळी आहे, समजून घ्या, असं काही नसतं. तिथे आधी समोरच्याला वाचवायचं, मग उपचार, आणि कायदाही. तुमच्या त्या पुस्तकानं तुम्हाला त्या ओळीत बसवलं, ते चूक होतं.”

मला एकदम हलकं वाटायला हवं होतं. पण माझं प्रतवारीचं डोकं. मी म्हटलं, “पण मॅडम, त्रास तर मला झाला. कित्येक वर्षं झाला. संसारही बिघडला. मग तुमच्या नियमानं मला विकारच आहे.”

त्यांनी विचारलं, “त्रास आवडीचा झाला, की लाजेचा?”

“तो वेगळा कसा करायचा?”

“अवघड आहे,” त्या म्हणाल्या. “खरं सांगायचं तर आमच्याकडे दोन मोठी वर्गीकरणं चालतात. एकाप्रमाणे तुम्हाला होणारा त्रास आणि बिघडलेला संसार पाहून कुणी विकार लिहू शकेल. दुसरं म्हणतं, लोक काय म्हणतील, जवळचं माणूस झिडकारेल, नुसत्या या भीतीचा त्रास असेल तर तो धरू नका.”

बायको खुर्चीत पुढे सरकली. “म्हंजे एका पुस्तकात हे बिमार, अन् दुसऱ्यात चांगले?”

“तसंच काहीसं.”

“अन् यायचा त्रास गेला तर?”

“तर दोन्हींत विकार नाही.”

“पन आवड?”

“ती बहुतेक राहील. ती घालवायला औषध द्यावं असं मला यांच्यात काही दिसत नाही.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “आवड राहते अन् रोग जाते. मंग रोग होता कुठी?”

बाई आता हसल्या. म्हणाल्या, “काकू, यावर आमच्या लोकांची अजून भांडणं चालतात.” मग गंभीर होऊन सांगितलं की या याद्या माणसांनीच केल्यात. पुरुषाचं पुरुषावर आणि बाईचं बाईवर प्रेम हेही एके काळी त्यांत आजार म्हणून होतं, पुढे ते काढून टाकावं लागलं. आणि शेवटी आम्हा दोघांना मिळून एक गोष्ट सांगितली: संमती फक्त परक्यांच्या बाबतीत नसते, घरातही असते. “काकूंनी नाही म्हटलं तर ते नाहीच. आणि त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारलाय, बाकीची मी म्हणून. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ते तुम्ही द्यायचंय.”

बाहेर आलो. ऑटो केला. ती धरमपेठेत उतरू म्हणाली, चहा प्यायला. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांतही आम्ही असं दोघांनीच कुठे बसून चहा प्यालो नव्हतो. स्टीलच्या टेबलावर कपांचे गोल डाग पडलेले. ती बशीत चहा ओतून फुंकर घालत होती.

“सांगा आता,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “तू फोनवर बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळतेस.”

“आनखी?”

“बातम्या बघताना टीव्हीतल्या माणसाला उत्तरं देतेस.”

“हे आवडते?”

“हो.”

“आनखी?”

त्या दिवशी इतकंच जमलं. पण तिला त्याचा नाद लागला. भाजी निवडताना, गच्चीवर कपडे काढताना, मध्येच विचारायची, “आनखी?” आणि मी शोधायचो. शोधता शोधता मला ती दिसत गेली. भिंतीकडे तोंड करून झोपण्याच्या काळात मी फक्त पायांपासून नव्हे, सगळ्या तिच्यापासूनच तोंड फिरवलं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं. तीही सांगायला लागली. की मी चिडलो की चष्मा पुसतो. की माझ्या अंगाला खाणीवरून आल्यावर येणारा वास तिला आधी नको वाटायचा, आणि माझी ऑफिसात बदली होऊन तो गेला तेव्हा घर उगीच रिकामं वाटलं होतं.

बाईंकडे आम्ही अधूनमधून जात राहिलो. पापाचा प्रश्न तेवढा राहिला होता. तो बाईंनी सोडवायला नकार दिला होता, “तो माझ्या पुस्तकात नाही” म्हणून. तो बायकोनंच सोडवला. एका रविवारी, आंघोळ करून, ओल्या केसांनी ती माझ्यासमोर आली आणि वाकून माझ्या पाया पडली.

“हे काय?”

“मी आधी पडून घेतलं. आता तुमी हात लावला तर फिटंफाट.” आणि पलंगावर बसून तिनं पाय पुढे केला. “पन मले गुदगुल्या झाल्या तर मी हासन. तुमी रागावजा नोका.”

ती हसली. खूप हसली. मीही. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त सांगणार नाही.

त्यानंतरची वर्षं थोडीच मिळाली, पण ती आमची होती. हिवाळ्यात दुपारी गॅलरीत ऊन यायचं. ती खुर्चीत बसून तीळ निवडायची, पाय माझ्या मांडीवर. मी टाचांना तेल लावत असायचो. समोरच्या इमारतीतल्या बायका तिला म्हणत, नशीब काढलं वं तू, आमचे तर पाण्याचा गिलासही देत नाहीत. ती मला येऊन सांगायची आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो. ओढ गेली नव्हती. पण आता तिला एक चेहरा होता, तोंडानं सतत काहीतरी बोलणारा.

मग तिला जिना चढताना दम लागायला लागला. हृदय कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले. पुन्हा धंतोली, यावेळी मोठं हॉस्पिटल. तिच्या अंगात पाणी साठत चाललं आणि ते आधी पायांत उतरलं. घोटा दिसेनासा झाला. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. जोडवी बोटांत रुतली. नर्सबाई म्हणाल्या, कापावी लागतील. ती म्हणाली, “यायले कापू द्या.” नर्सनं छोटी पक्कड माझ्या हातात दिली. चांदी मऊ असते, चटकन तुटली. माझे हात थरथरले नाहीत.

“पाहा कशे झाले,” ती पायांकडे बघत म्हणाली. “आता आवडत नसन तुमाले.”

मी म्हटलं, “आवडतात.” ते खरं होतं, पण जुन्या अर्थानं नव्हतं. त्या फुगलेल्या पायांकडे बघून शरीरात काहीच हललं नाही, आणि तरी जगातली दुसरी कुठली गोष्ट त्या वेळी मला त्यांच्याहून जवळची नव्हती. हे कुठल्या रकान्यात बसतं, मला ठाऊक नाही.

ती गेली तेव्हा मुलगी येऊन पोचली होती. आमच्यात सवाष्ण गेली की बायका तिची ओटी भरतात, सगळे तिच्या पाया पडतात. आधी लहान, मग मोठे. सगळे पडून झाले. उमरेडहून आलेला तिचा भाऊ तिरडीकडे वळला तेव्हा मी पुढे झालो, गुडघे टेकले आणि तिच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. मागे कुणीतरी दचकून “अहो” म्हटलं. कुणीतरी “राहू द्या त्याले” म्हटलं. पाय गार होते, आणि शेवटच्या दिवसांतल्या औषधांनी सूज उतरून परत उमरेडच्या मुलीचे झाले होते. नंतर लोक म्हणत, काय भक्ती होती. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. सगळ्यांसमोर, भर दिवसा, त्या पायांवर डोकं ठेवायला मला मिळालं, आणि ते बघायला ती नव्हती.

याला दोन वर्षं होत आली. मध्ये एकदा मी एकटाच त्या बाईंकडे जाऊन आलो. म्हटलं, ती आवड गेली की आहे तेच कळत नाही. रस्त्यानं जाताना कुणाचे पाय दिसले तर दिसतात, पुढे जातात. पण तिची आठवण येते, आणि ती शरीरातूनच येते. हाताला येते. दुपारी ऊन गॅलरीत आलं की माझे तळवे गरम होतात. याला काही नाव आहे का?

त्यांनी विचारलं, जेवता का? झोप येते का? घराबाहेर पडता का? लोकांशी बोलता का? आपण उगाच जगतोय असं वाटतं का? मी खरी खरी उत्तरं दिली. त्या म्हणाल्या, “फार लांबलेल्या, जगणंच थांबवणाऱ्या दुःखाला आमच्याकडे नाव आहे. पण तुम्हाला ते लागू होत नाही. तुम्हाला तिची आठवण येते, एवढंच.”

मला थोडं वाईट वाटलं. खरंच वाटलं. इतकी वर्षं कुणी नाव देईल म्हणून घाबरलो, आणि आता वाटत होतं, द्यावं. एवढ्या मोठ्या गोष्टीला काहीतरी नाव असावं.

त्या दिवशी मुलगी पुण्याहून यायची होती, म्हणून मी तिथून सरळ स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा धावत होती. बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारं जोडपं एकाच डब्यातून पोहे खात होतं, बाई वेचून शेंगदाणे नवऱ्याच्या बाजूला सारत होती. मी तिकडे पाहायचं टाळलं, मग पाहत राहिलो. गाडी लागली. मुलगी उतरली, तिनं बॅग माझ्या हातात दिली नाही, मीच ओढून घेतली.

पूर्वी मी मुलीला आणायला गेलो की घरून दोनदा फोन यायचा. एकदा, गाडी आली का. आणि एकदा, ऑटोत बसले का, म्हणजे मी पोळ्या टाकते. आम्ही ऑटोत बसलो. मुलगी तिच्या ऑफिसचं काहीतरी सांगत होती. मी खिशातल्या फोनवर हात ठेवून ऐकत होतो.